नखाएवढी निळी कड

"ताई, बटन दाबलं की कुणाला तरी फोनच लागायलाय," चतुराबाई फोनवर म्हणाली, आणि मोडलेला भाकरीचा तुकडा माझ्या हातातच राहिला. दुपारचा दीड वाजला होता. मे महिन्याचं ऊन वाळ्याच्या पडद्यातूनही आत येत होतं, कूलर पाण्यावाचून कोरडाच घरघरत होता, आणि पलीकडच्या खाटेवर सासूबाई, म्हणजे आमच्या अव्वा, डोळे मिटून पण कान उघडे ठेवून पडल्या होत्या. भाकरी मी केलेली, म्हणून कडेला करपलेली. एरवी चतुराबाई येऊन करते. पण कालपासून ती राणीसावरगावला सासऱ्याकडं गेली होती, कारण तिची लेक शिवकन्या तिथंच राहून दहावी झाली आणि मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज भरायचा आज शेवटचा दिवस होता. संध्याकाळी पाचपर्यंत. वसतिगृह मिळालं तर पोरगी परभणीत राहून अकरावीला जाणार. नाही मिळालं तर घरी बसणार, आणि घरी बसलेल्या पोरीचं पुढं काय होतं ते चतुराबाईला स्वतःवरून चांगलं माहीत होतं. मलाही माहीत होतं. त्याहून वाईट म्हणजे तो अर्ज मीच बनवलेला होता. कुठल्याशा संस्थेचं काम पुण्याच्या कंपनीकडं आलं, कंपनीनं ते माझ्याकडं दिलं, आणि परभणीतल्या याच खोलीत बसून मी अडीच महिने ते पान रचलं. वर चतुराबाईला ऐटीत सांगूनही ठेवलं होतं, की तुझ्या शिवकन्येचा अर्ज माझ्या हातचा आहे, काही अडायचं नाही.

"कुणाला लागतोय फोन?" मी विचारलं.

"आँ?"

"फोन. कुणाला लागतोय?"

"मोठ्यानं बोला की ताई, काय बी आयकू येईना."

मी मोठ्यानं बोलत नाही. तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात स्वामीजींसमोर नेम घेतला, की सकाळच्या इष्टलिंगपूजेपासून दिवेलागणीपर्यंत आवाज चढवायचा नाही. श्रावण संपला, नेम राहिला. संध्याकाळी दिवा लावला की भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवसाच्या चौकोनात मी पेन्सिलीनं बरोबरची एक बारीक खूण करते. तीन वर्षांत एकही चौकोन रिकामा नाही. दूधवाल्यानं पाणी घातलं, मी हळू बोलले. शेजारच्यांनी आमच्या ओट्यावर राडारोडा टाकला, मी हळू बोलले. त्यांनी ऐकलं नाही, तेव्हा आणखी हळू बोलले. लोक म्हणतात, त्रिवेणी म्हणजे किती शांत बाई. राग जितका वर येतो तितका आवाज खाली जातो, एवढंच ते आहे. त्या दिवशी दुपारी फोनवर तो इतका खाली गेला होता की माझा मलाच नीट ऐकू येत नव्हता.

हळूहळू कळलं ते असं. अर्ज पूर्ण भरला होता. गुण, गाव, शाळा, सगळं. शेवटी 'अर्ज सादर करा' हे निळं बटन असायला पाहिजे होतं, पण ते दिसत नव्हतं. नुसती त्याची वरची कड दिसत होती. "नखाएवढी, निळी," चतुराबाई म्हणाली. त्या कडेवर बोट ठेवलं की संस्थेच्या मदतकेंद्राला फोन लागत होता, आणि मदतकेंद्राचा फोन, शेवटचा दिवस असल्यामुळं, व्यस्त होता. "हे बगा, परत दाबते," असं म्हणून तिनं परत दाबलं, आणि ज्या फोनवर ती माझ्याशी बोलत होती त्याच फोनवरून मदतकेंद्राला फोन लागून आमचं बोलणं तुटलं. घरात फोन तो एकच. सासऱ्याचा, जुना, आखूड पडद्याचा.

बटन झाकणारी ती वस्तू मला ओळखीची होती. मदतकेंद्राचा नंबर असलेली, बोट लागलं की तिकडं फोन लावणारी पिवळी पट्टी पानाच्या तळाशी कायम चिकटून राहावी, असं संस्थेनं अगदी शेवटच्या आठवड्यात सांगितलं होतं. मी ती लावली होती. माझ्या मोठ्या पडद्यावर ती शहाण्यासारखी खाली बसायची आणि बटन तिच्या वर दोन बोटं ऐसपैस असायचं. आखूड पडद्यावर पट्टी बटनावर चढली असणार. असणार, म्हणजे मी अंदाज करत होते. माझ्यासमोर लॅपटॉपवर तर दोनशे बारा हिरव्या टिका होत्या, पान आपोआप तपासणाऱ्या एकेका टेस्टची एकेक. त्यातली एकशे नव्वदावी टिक सांगत होती, की 'अर्ज सादर करा' हे बटन दाबलं की अर्ज जातो. रोज जातो. आज सकाळीसुद्धा गेला होता.

तो अर्ज जातो अर्पिताचा. अर्पिता ही मुलगी जगात नाही, ती मी तपासणीसाठी तयार केली आहे. वय सोळा, गुण चौऱ्याऐंशी टक्के, गाव राणीसावरगाव, वडील सिताराम. नावंगावं सुचेनात तेव्हा आसपासची घातली. तिची जन्मतारीख एक जून, कारण आमच्या भागातल्या अर्ध्या लोकांची जन्मतारीख पहिलीत नाव घालताना गुरुजींनी एक जूनच लिहिलेली असते. तिचा फोटो म्हणजे एक पांढरा ठिपका आहे, कारण फोटो आहे की नाही एवढंच यंत्र बघतं, कोणाचा ते बघत नाही. अर्पिता दिवसातून चाळीस वेळा अर्ज भरते. कधी मुद्दाम नाव विसरते, कधी गुणांच्या जागी अक्षरं टाकते, आणि पान तिला बरोबर टोकतं. मग ती सुधारते, बटन दाबते, आणि अर्ज जातो. चार सेकंदांत. अर्पिताला ऊन लागत नाही, तिच्या फोनचा पडदा आखूड नाही, कारण तिला फोनच नाही. सगळी गोम इथंच होती. पान बघायचं तर ब्राउझर लागतो, फोनवरची नाहीतर कॉम्प्युटरवरची ती खिडकी. पण दरवेळी खिडकी उघडायची, पान रंगवायचं, मिटायचं, यात वेळ फार जातो. म्हणून आमच्या टेस्ट खिडकीबाहेर चालतात. यंत्राला सांगायचं, की पान आहे असं समज. बटन आहे असं समज. ते दाबलं असं समज. यंत्र भारी आज्ञाधारक, ते समजतं. पडदा नाही, रंग नाही, बघणारं कोणी नाही, आणि सगळं हिरवं.

मी हरिओमला फोन लावला. हरिओम आमच्या टीमचा प्रमुख, वयानं माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, मूळ पाथरीचा. पुण्यात जाऊन त्याची भाषा इस्त्री केल्यासारखी झाली आहे, फक्त वैतागला की घडी मोडते.

"ताई, रिपोर्ट तुम्हीच सकाळी पाठवलाय ना? दोनशे बारा पास."

"पाठवलाय. पण बटन झाकलं जातंय."

"कुठल्या टेस्टमध्ये दिसतंय?"

"टेस्टमध्ये नाही. राणीसावरगावात दिसतंय."

तो हसला, आणि मग त्यानं नियम सांगितला. नियम मला पाठ होता. बाहेर गेलेल्या पानात बदल करायचा तर आधी ती चूक पकडणारी टेस्ट लिहायची, ती लाल पडलेली दाखवायची, मग दुरुस्ती करून ती हिरवी करायची. लाल नाही तर बदल नाही. नियम वाईट नव्हता. गेल्या वर्षी एकानं शेवटच्या दिवशी घाईत एक ओळ बदलली होती आणि दोन तास अख्खा अर्जच कोणाला उघडत नव्हता. त्या दिवसाची बोलणी हरिओमनंच खाल्ली होती. "तुम्ही लाल दाखवा," तो म्हणाला, "मी पाच मिनिटात नवं पान सोडतो. तुमच्या शब्दावर नाही सोडू शकत. उद्या मला कोणी विचारलं तर मी काय दाखवू? राणीसावरगाव?"

मी लाल करायला बसले. लाल करणं इतकं अवघड असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. यंत्राला विचारलं, बटन पडद्यावर कुठं आहे? ते म्हणालं, शून्य. पट्टी कुठं आहे? शून्य. बटनाची उंची किती? शून्य. पट्टीची? शून्य. खिडकीच नाही तर माप कुठलं असणार. त्याच्या जगात माझं अख्खं पान, नाव, गाव, गुण, फोटो, बटन, पट्टी, सगळं एकाच जागी, डाव्या कोपऱ्यात, एकावर एक, कसलीही लांबीरुंदी नसलेलं पडून होतं. आणि लांबीरुंदी नसलेली वस्तू लांबीरुंदी नसलेल्या वस्तूला झाकेल कशी? मी विचारलं, बटन झाकलंय का? ते म्हणालं, नाही. हिरवी टिक. दोनशे तेरा पास. मी कपाळाला हात लावला. सकाळच्या विभूतीची पूड बोटांना लागली.

अव्वा खाटेवरून म्हणाल्या, "कुणाशी भांडायलीस ग?"

"कुणाशी नाही अव्वा. मी बोललेसुद्धा नाही."

"तेच म्हणते. न बोलता भांडायलीस."

अव्वांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तरी त्यांना दिसतं. पाच वर्षांपूर्वी मला बघायला आल्या तेव्हाही असंच झालं होतं. जिंतूरला आमच्या घरी, आदल्या दिवशी मोठ्या आत्यानं माझी रंगीत तालीम घेतली होती. ती पाटावर बसून मांडीवर ताट घेऊन तुरीची डाळ निवडत होती आणि मुलाकडची होऊन एकेक प्रश्न टाकत होती. नाव काय बाळ? शिक्षण कुठपर्यंत? पुरणपोळी जमते का? लिंगदीक्षा कोणत्या मठात झाली? मी एकेक उत्तर देत गेले आणि आत्या डाळीतला खडा बाजूला टाकत "बराबर" म्हणत गेली. एकदाही तिनं मान वर केली नाही. चाळीस प्रश्न झाले, चाळीसही बराबर. माझे वडील, वीरुपाक्ष, दुकान बंद करून आले तेव्हा आत्या त्यांना म्हणाली, दादा, बिनघोर राहा. दुसऱ्या दिवशी मंडळी आली. कोणी काही विचारलंच नाही. पुरुष माणसं कापसावर बोलत बसली, आणि कोपऱ्यात जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या एक बाई माझ्याकडं नुसत्या बघत राहिल्या. मी सरबताचं तबक घेऊन उभी. पाठ केलेली चाळीस उत्तरं घशाशी तशीच. पाच मिनिटं, दहा मिनिटं. बघितलं जाण्याची तयारी कोणी करून घेतलीच नव्हती. हात कुठं ठेवायचे, डोळे कुठं, काही माहीत नव्हतं. तबकातले पेले किणकिणायला लागले. त्या बाई म्हणजे अव्वा. घरी जाऊन त्या काय म्हणाल्या ते मला पुढं शंभुराजनी, माझ्या नवऱ्यानं, सांगितलं: "पोरगी बोलत न्हाई, पर डोळ्यानं वरडायलीय. आपल्याला चालंल."

फोन वाजला. चतुराबाई. "ताई, अडीच वाजले."

"दुसऱ्या कुणाच्या फोनवरून करता येईल का? मोठ्या पडद्याच्या?"

हे तिला तीनदा सांगावं लागलं. मग ती म्हणाली, "मोठा फोन हाय की, पाटलाच्या लेकाकडं. पर त्यात पोरीचा फोटू निघतो न्हवं अर्जासाठी, जागच्या जागी? परक्याच्या फोनात पोरीचा फोटू? न्हाई ताई. एक ते सोडून सांगा."

फोटो तिथल्या तिथंच काढायचा, जुना चालणार नाही, ही अट संस्थेची आणि ती पक्की पाळली जाईल असं बघणारी टेस्ट माझी. अठ्ठ्याऐंशीवी. म्हणून इथं बसून मी तिचा अर्ज भरू शकत नव्हते. अक्षरं बारीक करून बघ म्हटलं, शिवकन्येनं केली, निळी कड नखाची दीड नख झाली. आडवा धर म्हटलं, तर पट्टीनं अर्धा पडदाच खाल्ला. मध्येच चतुराबाईनं "हे बगा" म्हणून दाबलं आणि मदतकेंद्राला फोन लागून आमचं बोलणं पुन्हा तुटलं. असं चार वेळा झालं. मी प्रत्येक वेळी सांगत होते, दाबू नको, आणि प्रत्येक वेळी ती म्हणत होती, आँ?

घसा कोरडा पडला म्हणून तांब्या उचलला. उचलला आणि तसाच धरून बसले. सकाळची पूजा डोळ्यांपुढं आली. पूजा झाल्याशिवाय मी पाण्याचा थेंब घेत नाही, नऊ वर्षांची होते तेव्हापासून. चांदीच्या डबीतून लिंग काढायचं, डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी, विभूती, बेलाचं पान, आणि मग बघत राहायचं. पापणी न हलवता, दुसरीकडं नजर न नेता. दीक्षेच्या वेळी स्वामीजींनी सांगितलं होतं, की मंत्र चुकला तर चालेल बाळ, नजर चुकवू नको, पूजा म्हणजे बघणंच. आणि आज सकाळी? हरिओमला आठ वाजता रिपोर्ट पाहिजे होता. मी पाटाशेजारी स्टुलावर लॅपटॉप ठेवला होता, उघडा. उजवा हात पाणी घालत होता, विभूती लावत होता, पान वाहत होता, ओठ नमः शिवाय म्हणत होते, आणि डोळे एकेक हिरवी टिक मोजत होते. एकशे नव्वदावी पडली तेव्हा मला हायसं वाटलं होतं, ते पक्कं आठवतंय. तळहातावर काय होतं ते आठवत नाही. पूजा झाली होती. पाणी, विभूती, पान, मंत्र, सगळं जागच्या जागी. मी उठले होते आणि पाणी प्याले होते.

तांब्या खाली ठेवला. आणि भिंतीवरच्या कॅलेंडराकडं लक्ष गेलं, पेन्सिलीच्या खुणांच्या त्या सरळ रांगांकडं. आवाज चढला नाही की खूण. आत काय चाललं होतं ते कुठल्या चौकोनात लिहिलेलं होतं? दूधवाल्याला मी मनात काय काय म्हणाले होते. ओट्यावरच्या राडारोड्यापाशी उभी राहून, अगदी मऊ आवाजात, "जरा उचलून घेता का," असं म्हणताना आत केवढा कालवा होता. नेमाला माप एकच ठाऊक होतं, आवाजाचं. बाकी सगळं शून्य. आणि हे असं तीन वर्षं. मला स्वतःचाच इतका वैताग आला की त्या अर्पितालासुद्धा दोन थोबाडीत द्याव्या असं वाटलं. सदा पास होणारी, ठिपक्याच्या तोंडाची पोरगी.

सव्वातीनला सुचलं ते त्या रागातच सुचलं. यंत्राला मापं नसतात, पण आपण दिली तर ते घेतं. पडदा इतका उंच आहे असं समज, बटन इथं आहे असं समज, पट्टी इथं. फक्त मापं खरी पाहिजेत. मनानं घातली तर तो लाल रंगही खोटाच, आणि खोटा लाल मला हरिओमला दाखवायचा नव्हता. खरी मापं एकाच ठिकाणी होती.

"शिवकन्येला दे फोन," मी म्हणाले.

"आँ?"

"शिवकन्येला."

शिवकन्या आली. आवाज आईपेक्षा बारीक, पण कान चांगला. कंपासपेटीतली पट्टी आहे का, विचारलं. आहे म्हणाली, भूमितीची, कोपरा तुटलेली. म्हटलं, फोन स्पीकरवर टाक, अर्जाचं पान उघड, अगदी तळाशी जा आणि मोज. आधी पडद्याची रुंदी. ती म्हणाली, त्रेसष्ट मिलिमीटर. मग उंची. एकशे चार. मग पिवळी पट्टी किती उंच. ती म्हणाली, "थांबा ताई, हात हलायलाय," आणि मला ऐकू आलं की मागून चतुराबाई सरसावली आहे. बांगड्या वाजल्या. "अग सरक तिकडं, मी दाखविते ताईला, हे बगा ताई, हितं बोट ठिवलं की..."

आणि मी ओरडले.

"चतुराबाई! हात काढ! दाबू नको म्हणते ना मी! पट्टी पोरीच्या हातात राहू दे!"

खोली दणाणली. खिडकीतलं कबुतर उडून गेलं. फोनच्या पलीकडं राणीसावरगाव चिडीचूप झालं. मला वाटलं, पुन्हा तुटला फोन. मग शिवकन्येचा बारीक आवाज आला, "सोळा मिलिमीटर, ताई. आन् वर निळी कड एक. एकच मिलिमीटर."

तिच्या मागं चतुराबाई कुणाला तरी सांगत होती, "माय, ताईला आवाज हाय की!"

मी हिशेब केला, मापं यंत्राला दिली. त्रेसष्टाच्या जागी त्याच्या भाषेतले तीनशे साठ, मग बाकीचं त्या प्रमाणात. आणि विचारलं, बटन झाकलंय का? अर्पितानं, आयुष्यात पहिल्यांदा एका आखूड फोनचा पडदा वाट्याला आलेल्या अर्पितानं, अर्ज भरला, खाली गेली, बटनावर बोट ठेवलं, आणि ते लागलं पट्टीला.

लाल.

इतका सुंदर लाल मी कुंकवाच्या करंड्यातही बघितला नव्हता. हरिओमला पाठवलं. त्याचा फोन आला तो थेट पाथरीहून आल्यासारखा. "ताई, ही मापं कुठून आणलीत?"

"राणीसावरगावाहून. भूमितीच्या पट्टीनं."

"पट्टीनं? अन् मी हितं कामून बसलोय मग, एवढी मशिनं घेऊन? करा दुरुस्त. मी सोडायलोय."

दुरुस्ती दोन ओळींची होती. पानाच्या तळाशी पट्टीइतकी मोकळी जागा सोडायची, झालं. दोन ओळी. चार पस्तीसला नवं पान बाहेर गेलं. जुनं पान मिटून उघडल्यावर शिवकन्येनं भरलेलं सगळं गेलं होतं, ते पुन्हा भरावं लागलं. नाव, गाव, शाळा, गुण. जन्मतारीख, एक जून. मी इकडं फोन कानाला लावून तिचं पुटपुटणं ऐकत होते. चार बावन्न. फोटो. "अग डोक्यावरनं पदर घे," चतुराबाई म्हणाली. "पदर कुठला माय, ड्रेसावर," शिवकन्या म्हणाली. चार चोपन्न. मग चतुराबाई, आता मोठ्यानं बोलायचं कारण नसताना गावाला ऐकू जाईल अशी: "गेला! ताई, गेला! नंबर आला त्येचा!"

"नंबर लिहून ठेव," मी म्हणाले, आणि माझा आवाज बसलेला होता.

दहा मिनिटांनी तिनं पावतीचा फोटो पाठवला. वर नंबर, खाली शिवकन्या. वेणी घट्ट, कॉलर नीट, मागं मातीची भिंत, आणि दोन्ही डोळे गच्च मिटलेले. खालीच चतुराबाईचा आवाज: "ताई, ऐन टायमाला डोळे मिटले बगा येडीनं. चालतंय न्हवं?" मी अठ्ठ्याऐंशीवी टेस्ट आठवली. फोटो आहे का? आहे. हिरवी टिक. यंत्राच्या हिशेबानं चालतंय. वसतिगृहाच्या ऑफिसात कोणी बाई ही कागदं चाळेल, या फोटोपाशी थांबेल, बघेल, हसेल. बघेल हे महत्त्वाचं. "चालतंय," असं मी कळवलं, आणि उद्याच्या कामांच्या यादीत लिहिलं: डोळे.

अव्वा उठून बसल्या होत्या. मला वाटलं, आता काही तरी बोलतील, नेमाचं, स्वामीजींचं. त्यांनी उशाखालचा चष्मा शोधून डोळ्यांवर चढवला. त्यातून त्यांना आता काहीच धड दिसत नाही, तरी तो लावून त्या माझ्या दिशेनं बघत राहिल्या, त्या सरबताच्या दिवशी बघितलं होतं तसंच.

"आवाज निघाला एकदाचा," त्या म्हणाल्या. "पाच वर्सं वाट बघायले व्हते."

दिवेलागण झाली. दिवा लावला. कॅलेंडरापाशी पेन्सील दोऱ्याला लटकत होती, ती हातात घेतली आणि सोडून दिली. चौकोन कोरा राहिला. लॅपटॉप मिटून कपाटावर, हात पोचणार नाही इतक्या उंच ठेवला. हातपाय धुतले, पाट मांडला, डबी उघडली. लिंग तळहातावर घेतलं. पाणी, विभूती, पान. मग बघायला लागले. काळ्या कवचावर एका बाजूला एक बारीक ओरखडा होता. तो कधीचा होता, कोण जाणे. त्याच्या वर, कवचाच्या चकाकीत, छताचा पंखा फिरत होता, मोहरीएवढा, आणि त्या पंख्याखाली कोणी तरी वाकून बघत होतं. डोळ्यांत पाणी यायला लागलं तरी पापणी हलवली नाही. काही झालं नाही. झाली, असं कोणी म्हणालं नाही. पाण्याचा तांब्या शेजारी तसाच भरलेला होता.

"झाली का ग पूजा?" अव्वांनी विचारलं.

"बघायलेय," मी म्हणाले.

"आँ?"

"बघायलेय अव्वा," मी मोठ्यानं म्हणाले. "अजून बघायलेय."